भोईर काकांच्या पासवर्डची अकरा टिंबं

आमच्या गावात कोणाला काही 'लागलं' की मला बोलावणं येतं. मी भगत नाही... उलट भगताकडे जाऊ नका, डॉक्टरकडे चला, हे सांगणारी मीच आहे. नेऱ्याच्या पुढचं गाव आमचं. बाबा सहीपुरतं लिहितात, आई तेही नाही. घरातली पहिली बी.कॉम. मी — आणि हे मी जिथे जाईन तिथे सांगते, कारण ती पदवी मला कोणी आणून दिलेली नाही. माझ्या आत्याला तीन अमावास्या उतारे चालले होते. मी तिला रिक्षात घालून पनवेलला आणलं, थायरॉइड निघालं, गोळी सुरू झाली, भूत गेलं. त्यामुळे भुताखेतांच्या या सदरातले अनुभव मी आजवर वाचायचे ते हसण्यासाठी. आज मीच लिहितेय. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

पनवेलमध्ये टपाल नाक्याजवळ, दोरखंड आणि ताडपत्र्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. परदेशी माल पाठवणाऱ्यांची बंदरातली कागदपत्रं आम्ही करतो. मालकांना सगळे शेठ म्हणतात. बी.कॉम. झाल्यावर मी जूनमध्ये तिथे लागले. तेव्हा हेड क्लार्क होते भोईर काका. बत्तीस वर्षं त्याच टेबलावर. कॉम्प्युटर आला तेव्हा काका पन्नाशीला आले होते, म्हणून टाईप करायचे दोन बोटांनी — दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी, एकेक अक्षर शोधून, कोंबडीनं दाणे टिपावेत तसं, असं शेठ नेहमी सांगायचे. मी सरकारी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, मराठी आणि इंग्रजी, दहाही बोटं चालतात. काका म्हणायचे, "हळू गो बाय, मशीन पेटल." आणि पासवर्ड कोणालाही सांगायचे नाहीत. शेठनाही नाही. शेठ कुरकुरले की म्हणायचे, "पासवर्ड म्हंजे कानमंत्र. दुसऱ्याला सांगितला की तेज गेलं."

गणपती झाले आणि पितृपक्षात काका गेले. झोपेत, हृदयविकारानं. माझी त्यांची ओळख तीन महिन्यांचीच.

आता इथे आमच्या ऑफिसची पद्धत सांगायला हवी. माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत त्याची खुर्ची कोणी वापरत नाही. काकांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली. मेलच्या प्रोग्रॅममध्ये शेठच्या खात्याखाली त्यांचं खातं होतं, तेही तसंच ठेवलं. मी म्हटलं, शेठ, हे खातं बंद करून घेऊ, त्यांच्या नावाची मेल दुसरीकडे वळवू. शेठ म्हणाले, "त्यांचं वर्ष होऊ दे, मग बघू. राहू दे नाव." आणि अडतही नव्हतं काही. पासवर्ड कॉम्प्युटरला पाठ होता. काकांच्या नावाने आलेल्या मेल आपोआप उतरायच्या आणि मी उत्तरं द्यायचे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तो जुना कॉम्प्युटर बसला. नवा आणला, जुन्या मेल सगळ्या त्यात भरल्या. साठवलेले पासवर्ड मात्र आले नाहीत.

शनिवारी सकाळी दहाला मशीन चालू केलं आणि पडद्यावर चौकोन आला — पासवर्ड द्या. शेठनी स्वतःचा पासवर्ड घातला. गेला चौकोन. दोन मिनिटांत परत आला. पुन्हा घातला, पुन्हा आला.

तो दिवस साधा नव्हता. उरणच्या बाजूच्या हिराबाई सकाळपासून आमच्या बाकावर बसलेल्या. कोळीण, साठीच्या, दंडावर गोंदण, मांडीवर प्लास्टिकची फाईल. त्यांच्या गटातल्या चौदा बायकांनी हंगामभर वाळवलेले बोंबील आणि सुकट — त्यांचा पहिला कंटेनर आखातात जायचा होता. आधी दोन एजंटांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलेलं. सगळे कागद झाले होते, एक राहिला होता. लॅबचा तपासणी रिपोर्ट. लॅबनं तो शुक्रवारी संध्याकाळी मेल केला होता, तोही काकांच्या पत्त्यावर, कारण त्यांच्याकडे आमचा तोच जुना पत्ता. शनिवारी लॅब बंद, फोन नुसता वाजत होता. आणि बंदरातल्या ऑफिसला कागद पोचवायची वेळ संध्याकाळी पाचची. चुकली की जहाज गेलं. पुढच्या जहाजापर्यंत थांबायला तिकडचा व्यापारी तयार नव्हता.

"पोरी," हिराबाई म्हणाल्या, "आमचा माल जाल का नाय, तेवरं सांग. बाकीचं तुजं इंग्रजी मना नको."

शेठनी खारघरहून इंजिनियर बोलावला. आला, खांद्याला बॅग, कानात ते पांढरं काहीतरी. दोन तास बसला. प्रोग्रॅम काढला, परत घातला. अँटिव्हायरस बंद केला, चालू केला. 'पासवर्ड लक्षात ठेवा'वर टिक केली. दर वेळी शेठ मागून पासवर्ड सांगायचे, तो घालायचा, दोन मिनिटांत चौकोन हजर. मी म्हटलं, "सर, एकदा मी बघू का?" तो म्हणाला, "मॅडम, ये सॉफ्टवेअर का इश्यू आहे. तुम्ही अकाउंट्सवाल्या ना?" शेवटी म्हणाला, सोमवारी येऊन सगळं फॉरमॅट करतो. आणि गेला.

हिराबाईंनी दाराकडे बघून विचारलं, "यो निस्ता चा प्यायला आयलता का?"

मी खुर्चीवर बसले. आता ऐका... चौथीत असल्यापासून बाबांच्या बँकेच्या स्लिपा मी भरते. आमच्याकडे कागद आला की सगळ्यात आधी वरचं नाव बघायचं — आपलाच आहे ना? कागद दुसऱ्याचा असला तर सही करून फसायला होतं. हे मला कॉलेजनं नाही, आईनं शिकवलंय, जिला वाचता येत नाही. चौकोन परत आला. मी पासवर्डचा रकाना नाही बघितला, वरची बारीक ओळ बघितली. तिथे शेठचं नाव नव्हतंच. तिथे भोईर काकांचं नाव होतं.

शेठचं खातं पहिल्याच फटक्यात सुरू झालेलं. नंतरचा प्रत्येक चौकोन काकांचा पासवर्ड मागत होता, आणि सकाळपासून दोघं पुरुष मिळून त्यात शेठचा घालत होते. मला हसू आलं. शेठना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि खुर्चीत बसले.

हसू टिकलं नाही. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, नवीन पासवर्डचा कोड भोईर यांच्या मोबाईलवर जाईल. तो नंबर घरच्यांनी कधीच बंद केलेला. दुसरा मार्ग लेखी अर्ज, साहेब सोमवारी येतील. "आणि मॅडम, सकाळपासून खूप चुकीचे प्रयत्न झालेत. अजून तीन चुकले की खातं चोवीस तास लॉक."

काकूंना फोन केला. त्यांनी काकांच्या डायऱ्या चाळल्या, काही नाही. कानमंत्र कोण लिहून ठेवतो?

अडीच वाजले होते. शेठ म्हणाले, त्यांच्या स्कूटरचा नंबर घाल. घातला. चूक. हिराबाई उठून माझ्या खुर्चीमागे आल्या. म्हणाल्या, "एकवीरा घाल. आई आपल्या लोकांला टाकीत नाय." काकाही दर चैत्रात कार्ल्याला जाणारे, म्हणून घातलं. चूक.

एक राहिला.

शेठ म्हणाले, "राहू दे वैशाली. लॉक झालं तर सोमवारीही वांधे." हिराबाईंनी हातातली फाईल पिशवीत घालायला घेतली, ते मला बघवेना. पण शेठचं बरोबर होतं. चौकोनावर 'रद्द करा'चं बटण असतं, ते दाबायला मी माऊस हातात घेतला.

यानंतरचं मी जसं आठवतं तसं लिहिते, वाढवत नाही. खिडकी उघडी होती, खाली टेंपोवाला ताडपत्री मोजून घेत होता, पंखा चालू होता. थंडावा नाही, कसला वास नाही, अंगावर काटा नाही — तुम्ही विचाराल म्हणून सांगते. माझा हात माऊसवरून कीबोर्डवर आला. मी पडद्याकडे बघत होते आणि रकान्यात टिंबं उमटत होती. एक... दोन... मधे थांबून तिसरं. हळू. मी मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अकरा झाली. मग एंटर दाबलं गेलं.

चौकोन गेला.

मी घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. नाही आला. खाली कोपऱ्यात आकडा पळायला लागला, काकांच्या पेटीत मेल उतरत होत्या. वरून चौथी लॅबची. उघडली. बोंबील, सुकट, सगळं पास, खाली शिक्का.

शेठ माझ्याकडे बघत होते. पहिलं वाक्य काय बोलले? "तू दोन बोटांनी का टाईप करत होतीस?"

मी म्हटलं, मी? मला दोन बोटांनी येतच नाही.

"मी बगलंय ना," हिराबाई म्हणाल्या. "दोन बोटांनीच. एकेक करून. भोईर करायचा तशी." काकांना त्या तीस वर्षं ओळखत होत्या, बाजारात मासे विकायच्या तेव्हापासून; ऑफिसातही येऊन बसायच्या.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. रिपोर्ट छापला, बाकीच्या कागदांना जोडला, चार वाजून दहा मिनिटांनी बंदराच्या ऑफिसला पाठवला. पाचला आठ कमी असताना पोच आली — स्वीकारलं. मी ती मोठ्यानं वाचली. हिराबाई म्हणाल्या, परत वाच. परत वाचली. मग त्यांनी बाहेर जिन्यात जाऊन गावी फोन लावला आणि इतकंच म्हणाल्या, "गेलं गो आपलं." पलीकडून तेरा बायकांचा जो गलका झाला तो मला आत टेबलापर्यंत ऐकू आला. पदवी घेताना टाळ्या झाल्या होत्या, पण हा आवाज वेगळा होता.

मग मी सगळं रीतसर केलं. काकांच्या मेल ऑफिसच्या सामाईक पत्त्यावर वळवल्या. साठवलेल्या पासवर्डच्या नको त्या नोंदी काढल्या. सोमवारी शेठनी स्वतः अर्जावर सही केली, काकूंची परवानगी घेतली, आणि कंपनीनं काकांचा जुना पासवर्ड रद्द करून नवा दिला. चौकोन त्यानंतर एकदाही आलेला नाही. शेठनी मला कायम केलं, काकांचं काम आता माझ्याकडे आहे. खारघरच्या त्या इंजिनियरला दुसऱ्या एका ऑफिसात हाच त्रास आला, तेव्हा त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, सर, आधी वरचं नाव वाचा. दहा मिनिटांत झालं त्याचं. बाबा गावात सांगत फिरतात, "आमच्या पोरीनं जहाज पाठवला." मी म्हणते, बाबा, जहाज नाही, कागद पाठवला. ते म्हणतात, "कागदाशिवाय जहाज हलतं का? मंग?"

तुम्ही म्हणाल, तीन महिने काकांना टाईप करताना बघितलं असशील, हाताच्या लक्षात राहिलं. मीही स्वतःला हेच सांगितलं. पण काकांची पाठ माझ्याकडे असायची. मला त्यांचं डोकं आणि खुर्चीची पाठ दिसायची, हात कधीच नाही. तरी मी करून बघितलं. कोरं पान उघडलं, दोन बोटं ठेवली, डोळे मिटले. काही नाही. चार-पाच दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत बसले. बोटं नुसती पडून राहतात, आणि जरा विसरले की दहाही धावायला लागतात. प्रोग्रॅम पासवर्ड साठवतो पण दाखवत नाही, टिंबंच दाखवतो. आणि आता तर तो रद्दच झालाय. म्हणजे मी काय टाईप केलं हे जगात कोणालाच कधी कळणार नाही. भुतावर माझा अजूनही विश्वास नाही. आत्याची गोळी चालू आहे.

गेल्या आठवड्यात शेठ म्हणाले, पुन्हा कोणाला असा चौकोन त्रास देऊ नये म्हणून काय काय केलंस ते पायरीपायरीनं लिहून भिंतीला लाव. लिहिलं, मराठीत, स्वच्छ. एक, चौकोनावरचं नाव वाचा. दोन, ते खातं कोणाचं ते ठरवा. तीन, किती प्रयत्न उरलेत ते विचारा. पाचपासून पुढे नोंदी कशा काढायच्या, मेल कशा वळवायच्या, सगळं आहे.

शेठनी कागद वाचला आणि चारच्या आकड्यापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे लिहायचं राहिलं."

मी म्हटलं, "राहिलं नाही शेठ. तेवढंच मला येत नाही."

त्यांनी तो कागद तसाच भिंतीला लावला.