शिरेची उंटीण

सोमाली मुलखातल्या बुराओच्या गुरांच्या बाजारात शिरे दलालाला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या खोडीला वैतागला नाही असाही नाही. तरुणपणी तो एडनच्या गोदीत हमाली करत होता. तिथला अरब मुकादम म्हणायचा, तुम्हा सोमाल्यांची निम्मी भाषा आमच्याकडून उसनी आणलेली. शिरेच्या डोक्यात ते गेलं ते गेलंच. घरी परतल्यावर त्यानं चारचौघांत जाहीर केलं, नमाज-कुराणातले शब्द सोडले तर एकही अरबी शब्द आपण उच्चारणार नाही.

आता साबणापासून साखरेपर्यंत आणि शनिवारपासून शुक्रवारपर्यंत सगळी नावं जिथं समुद्रापलीकडून आलेली, तिथं असला हट्ट म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. हा साखरेला 'गोड वाळू' म्हणे. गुरुवारी भेटायचं ठरलं की 'परवाच्या दुसऱ्या दिवशी' सांगून गिऱ्हाइकाला गोंधळात पाडी. चहावाला बुल्हान रोज मुद्दाम विचारी, काय देऊ? शिरे शांतपणे म्हणे, 'लाल पाणी.' बुल्हानची डाळ काही शिजली नाही.

शिरेची बायको हिबाक दुसऱ्यांच्या उंटिणींचं दूध घेऊन बाजारात विकायची. आपली स्वतःची एक दुभती उंटीण असावी, एवढीच तिची इच्छा. शिरेकडे होती, पण उंट हा पुरुषांचा कारभार, त्यामुळे तिनं तोंड दाबून ठेवलेलं.

एक दिवस बाभळीखालच्या बैठकीत बुल्हाननं नवी टूम काढली. घरात हा काय बोलतो ते वहिनीलाच विचारू या की. शिरेला एवढा चेव चढला की त्यानं उंटिणीची दोरी सोडून आणली आणि म्हाताऱ्यांच्या पुढ्यात टाकली. म्हणाला, हिबाकनं माझ्या तोंडचा एक जरी अरबी शब्द दाखवला तरी उंटीण तिची. बैठकीत टाकलेली दोरी परत घेता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

निरोप मिळताच हिबाक दुधाची भांडी घेऊन तशीच आली. ती कुराण शिकवणाऱ्याची लेक, कुठला शब्द कुठून आला हे तिला बरोबर कळायचं. आणि एक शब्द होता. रोज सकाळी ती भांडी उचलून निघाली की शिरे मागून हाक मारायचा, 'कल्बी, जपून जा.' कल्बी म्हणजे माझं काळीज. शब्द अस्सल अरबी. पण शिरेची आई त्याला लहानपणी याच नावानं हाक मारायची, त्यामुळे त्याला तो दुधाइतका घरचा वाटे. सांगितलं तर उंटीण दारात येईल, पण ती हाक कायमची बंद होईल. लग्नाला एवढी वर्षं झाली, दुसरं गोड असं तो कधी बोललाच नव्हता.

'खरं सांगा, वहिनी,' बुल्हान म्हणाला.

'घरी तो बोलतोच कुठे?' हिबाक म्हणाली. 'जे काय बोलतो ते उंटिणीशी. नाही ऐकला बाई मी एकही.'

सगळे हसले. शिरे तर आनंदानं उठून उभाच राहिला. 'बघितलंत? आहेच तशी माझी कल्बी!'

बुल्हानच्या हातातली किटली कलंडली. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकानं घसा खाकरून शिरेला समजावलं, बाबा, हा अरबीच. शिरेला खरं वाटेना. त्यानं हिबाककडे पाहिलं, तिनं मान खाली घातली, आणि मग त्याला सगळं उमगलं. ती खोटं का बोलली, तेसुद्धा.

त्यानं दाढी खाजवली. हिबाकला वाटलं, संपलं. मग त्यानं वाकून दोरी उचलली आणि तिच्या हातात ठेवली.

'उंटीण घेऊन जा,' तो म्हणाला. 'ती हरलो. पण हाक माझ्या आईची आहे, ती मी कुणा मुकादमाला परत करणार नाही. चल, कल्बी, ऊन झालं.'

हिबाक भर बैठकीत पदरानं डोळे पुसत हसत होती.