अक्काच्या पट्टीचा वास

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी भाजी निवडायला उठून जाते, मला ते पटतच नाही. तरी हे लिहितेय... माझ्याच बाबतीत झालं म्हणून.

हिंदी मुलखात, नानाखेड्याला मी आणि माझी थोरली बहीण अक्का राहतो. तिचं वय चौऱ्याहत्तर, शुगर जुनी. वैशाखात हट्टाने पंचक्रोशीची लांबलचक यात्रा पायी करून आली, म्हणून पाय शेकायला गरम पाणी मीच दिलं. हात घालून बघितलं नाही. अक्का म्हणाली, "कोमटच आहे गं, अजून ओत." ओतलं. शुगरने तिचे तळवे बधिर झालेत हे दोघींनाही कळलं नव्हतं. पाय बाहेर काढले तर कातडी मोज्यासारखी सुटून आली. त्यावर शेजारणीने टूथपेस्ट फासली, आणि मी फासू दिली!

भरती केलं. डॉक्टर म्हणाले, डावा पाय सडला तर कापावा लागेल.

नवव्या दिवशी सकाळी डब्याचे पोहे करत होते, तर कढईतून वास आला. मेलेल्या उंदरावर गोड अत्तर ओतावं तसा. पोहे फेकले. दूध हुंगलं — तेच. मोगरा — तेच. मोरीत उलटी झाली. आता ऐका, करोनापासून मला कसलाच वास येत नाही. अक्काच्या आजारपणासाठी आलेला तिचा मुलगा विनू म्हणाला, "मावशी, परवा दूध करपून कोळसा झालं ते कळलं नाही, आज नाक कुठून आणलंस?"

हॉस्पिटलच्या जिन्यापासून तो वास दाट होत गेला, थेट अक्काच्या डाव्या पट्टीपर्यंत. म्हटलं, पट्टी उघडा.

नर्स म्हणाली, "अम्मा, ड्रेसिंग तो कल है. हमें तो कोई बास नहीं आ रही."

विनूलाही येत नव्हता. मी खाटेचा दांडा धरून उभीच राहिले. शेवटी वैतागून तिने उघडली. आतल्या थरावर हिरवा पू... सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. आणि त्याच क्षणी मला तो वास यायचा बंद झाला.

डॉक्टरांनी लगेच जखम साफ केली, औषध बदललं. म्हणाले, उद्यापर्यंत थांबलो असतो तर पाय गेला असता. पुढे मांडीची कातडी लावली, ती धरली. अक्का आता वॉकर घेऊन चालते.

नाकाचे डॉक्टर म्हणतात भास. असेल. पण भासाला बरोबर तीच पट्टी कशी सापडली? अक्का म्हणते, "माझ्या पायासाठी देवाने तुला नाक दिलं." मला यात गोड काही दिसत नाही. इतक्या वर्षांत एकच वास मिळाला, आणि तो माझ्याच हाताने केलेल्या घाणीचा.