मैनेची हळद

जंगलात सिंह एकच असतो, हे कापडे गावाच्या वरच्या आमच्या वाडीला पटवून देणं मला काही जमलं नाही. जत्रेत मुलाबाळांना दाखवायला संगीत नाटक मी लिहिलं, गाणीही मीच बसवली. पण वाडीत भावक्या तीन. देवापुढच्या नारळाचाही मान वाटून घेणारी ही माणसं नाटकातला राजा एकाच भावकीला देतील? छे! "त्यांचा राजा, आनि आमी काय गवात खायाचा?" असं बैठकीत एकानं विचारलं. झालं, तीन सिंह ठरले. तिसरा माझाच नवरा. भगव्या रंगात बुडवलेल्या पेंढ्याच्या आयाळी घालून तिघे तालमीभर मान खाजवत होते.

नाटक हत्तिणीच्या लग्नाचं. सिंह नारळ फोडतो, मग मैना हळदीचं गाणं म्हणते. मैना म्हणजे माझ्या सासूबाई. एके काळी त्यांच्या आवाजाशिवाय वाडीत कुणाला हळद लागत नसे. सासरे गेले आणि बोलावणं बंद झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, नुसतं बोलावलं नाही. कुणाच्या मांडवात हळदीची गाणी सुरू झाली की या मागच्या दारी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तालमीला थोरल्या घरच्या काकी आल्या. हळदीला कुणाला बोलवायचं ते त्याच ठरवतात.

"जत्रेच्या दिवशी हिनं हळद गायाची? बरं दिसतं का गो?" त्या मला म्हणाल्या.

मी पदर खोचून भांडायला उभीच राहिले होते. पण सासूबाई पुठ्ठ्याची पिवळी चोच कानामागे अडकवत शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं गाते? मैना गाते. मैनेचा नवरा मेला, असं नाटकात लिवलंय काय?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी तसं लिहिलं नव्हतं. "बघू," म्हणून त्या गेल्या.

तालमीत नारळ म्हणून आम्ही प्लास्टिकचा चेंडू वापरायचो, त्यामुळे मान कुणाचा हा प्रश्नच निघाला नाही. जत्रेच्या संध्याकाळी मात्र तिन्ही सिंह आपापल्या घरून खरा नारळ घेऊन आले. मग काय विचारता! नारळ आधी कुणी फोडायचा यावरून भर रंगमंचावर जुंपली. प्रेक्षकांतून एक आजोबा काठी घेऊन वर चढले आणि सिंहांना वाडी कुणी वसवली ते सांगू लागले. माझा नवरा घरात चहाचा कप उचलत नाही, तो भावकीसाठी गुरगुरत होता. हत्तीण सोंड काढून पाणी प्यायला गेली. शेवटी माइकवाला म्हणाला, "मंडळी, कार्यक्रम हितंच थांबवूया."

विंगेत सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "संपलं काय गो?"

त्यांनी चोच नीट बसवली आणि त्या सरळ सिंहांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. माइक नाही, पेटी नाही. गाऊ लागल्या.

आमच्याकडे हळदीचं गाणं सुरू झालं की पुरुष मांडवातून बाहेर पडतात. अंगवळणीच पडलंय ते. तिन्ही सिंह भांडण अर्धवट टाकून, नारळ काखोटीला मारून, मुकाट्यानं पायऱ्या उतरले. त्यांच्या मागोमाग आजोबाही उतरले. खाली बसलेल्या बायकांनी सूर धरला.

तिसऱ्या कडव्याला सासूबाई अडखळल्या. इतक्या वर्षांत ओळ विसरल्या होत्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ती ओळ उचलली. थोरल्या घरच्या काकी! मी विंगेत ढसाढसा रडले.

जत्रा झाल्यावर आठवड्याभरात काकी आमच्या ओटीवर आल्या. त्यांच्या नातवाचं लग्न होतं. त्यांना पाहून सासूबाई नेहमीसारख्या उठून आत निघाल्या.

काकी मला म्हणाल्या, "परवा हळद हाय. मैनेला बोलवायला आलेय."

सासूबाई दारातच थांबल्या. वळल्या नाहीत. "चोच लावून येऊ, का तशीच?"

काकींनी खरंच विचार केला.

"संगती आण गो," त्या म्हणाल्या. "कोन बोललाच, तर लाव."