मटाराएवढा पांढरा ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — तिच्यापासून जन्मात दोनच गोष्टी लपवल्या, त्यातला शुगरचा रिपोर्ट तिला सापडला. ही दुसरी.

जवळा बाजार या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. धाकटी बहीण शोभा गावातच दिलेली. कॉम्प्युटर शिकली माझ्याकडं. आता तिचं स्वतःचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर. गिऱ्हाईक माझ्या दारात थांबून मलाच विचारायचं, "शोभाताईचं सेंटर कुठं आलं हो?" सांगा, कसं वाटेल? मी बोट दाखवायचो. हसत. पोटात मात्र — थांबा, तिकडंच येतोय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेआधी, तिचं मशीन साफ करायला गेलो. प्रोसेसरवरचा पंखा काढला, वाळलेली पेस्ट पुसली. नवी लावायची म्हणजे किती — मटाराएवढा ठिपका. तो नसला की प्रोसेसर तापतो आणि मशीन बंद पडतं. एवढ्यात बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, दादाला बी तुमीच शिकवलं का?" सगळे हसले. शोभाही.

मी पंखा तसाच बसवला. कोरडा.

विसरलो? नाही — हेच तर सांगायचंय. पेस्टची नळी हातात घेतली होती. परत खिशात ठेवली.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख. दारात रांग, आणि मशीन दर दहा मिनिटांनी बंद. शोभा रडकुंडीला आली. "दादा, काहून बंद पडून राहिलं हे?" मी मोठ्या डॉक्टरासारखं तोंड करून आत फुंकर मारली. कोपऱ्यात तिच्या सासूबाई बसल्या होत्या; पूजा त्यांनीच केलेली. आणि मी — काय बोलून गेलो बघा — "मावशीनं कुंकू लई वाहिलं. आत गेलं."

"व्हय रे बाप्पा, माझ्याच हातानं झालं," एवढंच म्हणाल्या त्या.

मग मी तो ठिपका लावला. मशीन चाललं. अर्धी रांग निघून गेली होती. उरलेल्यांना शोभा सांगत होती, "दादा हाये म्हणून निभलं." चहा आला. मी प्यालोही.

दर दसऱ्याला तिच्याकडं जातो. सासूबाई कात्रीला, शिलाई मशीनला, तराजूला बोटानं कुंकू लावत येतात. कॉम्प्युटरपाशी आल्या की बोट पदराला पुसतात, आणि लांबूनच हात जोडतात.

मी शेजारीच उभा असतो.