तळबाईची नळी

मध भरण्याच्या कारखान्यात तिला सगळे तळबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत की फरक पडत नव्हता. फाटकातून मधाचं पिंप आत आलं की तिने सील तपासायचं, झाकण उघडायचं आणि लांबलचक स्टीलची नळी थेट तळापर्यंत खुपसून तिथला मध वर काढायचा. वरच्या मधाकडे ती ढुंकून बघत नसे. “वरवर कुणीही चांगलं वागतं,” ती म्हणायची. “पाहुण्यांसमोर आमचे हेसुद्धा गरीब गाय असतात.” लबाड माणूस पिंपात खाली साखरेचा पाक गोठवतो आणि वर चार बोटं खरा मध ओततो, हे पंचवीस वर्षांत तिला पुरतं कळून चुकलं होतं. पाक जिभेवर गोड लागतो आणि तिथेच संपतो. मध घशापर्यंत जाऊन जरासा खवखवतो. एवढ्या शास्त्रावर तिने भल्याभल्यांची पिंपं आल्या पावली परत पाठवली होती.

खोड घरीही पोचली होती. फळांची पेटी ती दुकानातच उलटी करून घेई, त्यामुळे फळवाला तिला लांबून पाहिलं की आत पाणी प्यायला जाई. चहात चमचा फिरवून कपाचा तळ बघितल्याशिवाय ती पहिला घोट घेत नसे. “लग्नाआधी मला एवढं तपासलं असतंस,” नवरा म्हणायचा, “तर दोघंही सुटलो असतो.”

प्रत्येक पिंपातला नमुना ती एका लहान बाटलीत भरे, वर मध देणाऱ्याचं नाव चिकटवी आणि कपाटात ठेवी. किल्ली तिच्याकडे. उद्या काही भानगड झाली तर बाटली खरं काय ते सांगेल, यावर मालकाचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

आणि भानगड झालीच. एका मोठ्या गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला: तुमच्या मधात साखर आहे. मध सहा जणांकडून येई आणि एकाच टाकीत पडे, तेव्हा चोर कोण हे बाटल्यांनाच विचारावं लागणार होतं. बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या. सगळ्या चोख निघाल्या.

“मग साखर काय आभाळातून पडली?” मालक ओरडला. समोर भोंगा उभा होता. हा सहा जणांपैकी एक. ‘किती वाजले’ हेसुद्धा तो भांडल्यासारखा विचारायचा, म्हणून भोंगा. माणूस उद्धट, शर्ट भडक, त्यामुळे चोर तोच असणार यावर कारखान्यात एकमत होतं. “आजपासून तुझं एकही पिंप आत येणार नाही,” मालक म्हणाला. भोंगा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “अहो, माझ्या घरात सात माणसं या मधावर जेवतात!”

तळबाईला भोंगा डोळ्यांसमोर नको असे. आज तर आयतीच ब्याद टळत होती. पण सगळ्याच बाटल्या तळातल्या नव्हत्या, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

त्या सहांत एक तिचा धाकटा भाऊ होता. दहा वर्षांपूर्वी तो पहिलं पिंप घेऊन आला, तेव्हा तिने सवयीने नळी उचलली. त्याचं तोंड एवढंसं झालं. “ताई, माझाही तळ बघणार?” फाटकावरचे लोक फिदीफिदी हसले. तिने नळी खाली ठेवली आणि वरून डावभर मध काढून बाटली भरली. तेव्हापासून भावाचा मध डावाने आणि बाकी जगाचा नळीने, असा कायदा झाला.

ती तडक आवारात गेली. भावाची दोन पिंपं अजून फोडायची होती. तिने एकाचं झाकण काढलं, नळी तळापर्यंत घातली आणि वर आलेलं बोटावर घेऊन चाखलं. गोड होतं. घशात काहीच झालं नाही. तिला तिथेच रडू आलं, आणि रडताना ती पिंपाला लाथ मारून पायाचं बोट दुखावून बसली.

तळातलं तेच तिने एका बाटलीत भरलं, लंगडतच मालकाच्या खोलीत शिरली आणि बाटली टेबलावर आपटली. “साखर सापडली. भोंग्याची नाही.”

“मग कुणाची?”

“माझ्या भावाची. आणि त्याच्या पिंपाला मी कधी नळी लावली नाही.” तिने किल्लीही ठेवली. भोंग्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता; हे कारखान्याने पहिल्यांदाच पाहिलं. मालकाने किल्ली उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, “किल्ली माझ्याकडे राहील. नळी तुमच्याकडे ठेवा. पण यापुढे सगळ्यांना, सख्ख्यांनासुद्धा.”

संध्याकाळी भाऊ पिंपं परत न्यायला आला. तिने दिवसभर शिव्या साठवून ठेवल्या होत्या. “लाज नाही वाटली? माझ्या जिवावर?”

तो खाली बघत म्हणाला, “मागच्या हिवाळ्यात मध कमी पडला गं. एका पिंपात घातला थोडा पाक. वाटलं, तू पकडशील, दोन थोबाडीत देशील आणि विषय संपेल. फाटकावर उभा होतो मी, ताई. तू डावाने काढलास आणि म्हणालीस, छान आहे.”

दुसरं पिंप अजून बंद होतं. तिने त्याचं झाकण उघडलं, नळी उचलली आणि त्याच्या देखत तळापर्यंत घातली.