फॉर्ममध्ये दाराचा रकाना नव्हता

बदलापूर गावात दिरांच्या घराचे पत्रे बदलताना हे खाली पडले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. त्याआधी वीस वर्षं हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस, सुताएवढा फरक यांना चालायचा नाही.

पडल्यानंतर दुसऱ्या वर्षी उल्हासनगरला एका सभागृहात अपंगांसाठी साहित्यवाटपाचं शिबिर होतं. आम्ही फॉर्म भरला, अपंगत्वाच्या टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडला. नवी कोरी चाकाची खुर्ची मिळाली, पाहुण्यांसोबत फोटोही निघाला. रिक्षाच्या टपावर बांधून ती घरी आणली. हे हॉलमध्ये दोनदा फिरले, हसले, आणि बाथरूमकडे वळले. दाराशी चाकं अडकली.

"टेप दे," म्हणाले. मग स्वतःच मोजलं. "खुर्ची सव्वीस इंच, दार चोवीस."

बाथरूमची भिंत फोडावी तर तिच्यातच इमारतीचा खांब. मी आधी यांना उचलून आत नेत होते, तशीच नेत राहिले. यांना उचलण्याचा त्रास माझ्या कमरेला व्हायचा. यांचा त्रास वेगळा होता. रोज सकाळी बायकोच्या गळ्याला मिठी मारून बाथरूमला जायचं, हे यांना सोसत नव्हतं. ते तसं बोलले कधीच नाहीत, फक्त पाणी कमी प्यायला लागले.

माझी धाकटी नणंद नॉर्वेत वृद्धांच्या एका केंद्रात काम करते. व्हिडिओ कॉलवर तिला खुर्ची दाखवली, तर ती म्हणाली, "दार कुणी मोजलं नाही का, वहिनी? इथे आधी माणूस घरी येतो. दार, पलंग, उंबरा, सगळं बघतो. मग खुर्ची ठरते. बिघडली तर त्यांनीच दुरुस्त करायची. गरज संपली की परत घेऊन जातात, साफ करून दुसऱ्याला देतात."

"म्हणजे उसनी?" यांनी विचारलं.

"उसनीच. तसा कायदाच आहे इथला."

"नको बाबा. परत न्यायची असेल तर ती माझी कशी? इथे निदान माझ्या नावावर आहे."

"दादा, तुझ्या नावावर आहे म्हणूनच पुन्हा कुणी बघायला येत नाही."

मग तीच म्हणाली, "इथेही सगळं गोड नाही हं. अर्ज केला की लोक महिनोन्महिने वाट बघतात."

शेवटी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका सिंधी फॅब्रिकेटरकडे खुर्ची नेली. कूलरच्या फ्रेमा बनवणारे म्हातारे गृहस्थ होते. यांनी कागदावर आकृती काढून दिली होती. ती बघून ते म्हणाले, "साईं, ये किसने बनाया? इंजिनियर है क्या?" सीटखालच्या कैच्या, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दांड्या, छोट्या केल्या, बैठकीचं कापड कापून पुन्हा शिवून घेतलं. त्या संध्याकाळी हे एकटे बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले.

पुढे चारेक महिन्यांत पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. शिबिर भरवणाऱ्यांच्या कार्यालयात खुर्ची नेली, तर उत्तर मिळालं, "खुर्चीत फेरबदल केलेत. आता दुरुस्ती आमच्याकडे नाही. आणि ठरलेली वर्षं भरल्याशिवाय नवीनही मिळणार नाही." बेअरिंग यांनी घरीच बदललं. पण ते उत्तर यांच्या डोक्यातून जाईना. आपल्याकडचा अपंगांच्या हक्कांचा कायदा यांनी मोबाइलवर मराठीत शोधून काढला आणि आठवडाभर वाचला. "कायदा चांगला आहे गं," म्हणाले, "फक्त तो घरापर्यंत आलेला नाही." मग अर्ज लिहिला: खुर्ची देण्याआधी माणसाचं आणि दाराचं माप घ्यावं.

अर्ज घेऊन आम्ही पुन्हा त्याच कार्यालयात गेलो. टेबलावरच्या मॅडमनी तो दोनदा वाचला.

"बरोबर आहे तुमचं. पण फॉर्ममध्ये दाराचा रकाना नाही."

"मागच्या बाजूला लिहा."

"मागची बाजू स्कॅन होत नाही हो, काका."

आम्ही निघालो. दारापर्यंत आलो असू, मागून त्यांनी हाक मारली. "पुढच्या शिबिरात तुम्हीच बसाल का माप घ्यायला? मानधन वगैरे काही नाही."

शिबिराच्या दिवशी हे पहाटेच उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला. आणि मला म्हणाले, "डबा दे." पडल्यापासून तीन वर्षांत हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

दिवसभर हे टेबलाशी बसून लोकांना विचारत होते, वहीत मापं लिहीत होते. बऱ्याच जणांना आपल्या दाराची रुंदी ठाऊकच नव्हती. वांगणीची एक बाई आईसाठी खुर्ची घ्यायला आली होती.

"मोरीचं दार केवढं आहे ताई?"

"दार नाय वो, पडदा हाय."

"मग बरंच आहे," हे म्हणाले. "उंबरा किती उंच?"

त्या दिवशी खुर्च्या एकाच मापाच्या होत्या. ज्यांना बसणार नाहीत हे दिसत होतं, त्यांनीही त्याच नेल्या. वही मॅडमनी ठेवून घेतली. परतीच्या रिक्षात मी म्हटलं, "काय उपयोग झाला?"

सहा-सात महिन्यांनी मॅडमचा फोन आला. या खेपेला दोन रुंदीच्या खुर्च्या आल्या होत्या. वहीमुळे आल्या की आपोआप, हे त्यांनाही सांगता येईना. यांनी लगेच विचारलं, "अरुंद किती आल्यात?" थोड्याच होत्या. ज्यांना रुंद खुर्च्या गेल्या होत्या त्यांचं काय, हेही विचारलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बहीण-भाऊ अजून वाद घालतात, खुर्ची सरकारची असावी की माणसाची. मी ऐकत बसते. दोघांचंही मला पटतं. परवा यांनी बहिणीला सांगितलं, "तुमच्याकडे मापं घेणाऱ्या माणसाला काय काय शिकवतात, ते विचारून सांग मला." आणि नव्या वहीचं पहिलं पान उघडून लिहायला बसले.