मागे सरकत पाढे

तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवायचा आदेश टाइप होऊन तयार होता. सोमवारपासून मुलांनी मागे सरकत पाढे म्हणायचे. बाकी होतं फक्त माझं पडताळणीचं पत्र. त्यासाठी गटशिक्षणाधिकारी साहेबांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते.

यात पाप माझंच. मी केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा. महामार्गालगतच्या एका शाळेत ठवकर मॅडमनी कृतिसंशोधन केलं होतं. आपल्याच वर्गातली अडचण हेरायची, उपाय करायचा, आधी आणि नंतर टेस्ट घ्यायची, की झालं कृतिसंशोधन. रोवणी करणाऱ्या बाया चिखलात एकेक पाऊल मागे सरकत धानाची रोपं लावतात. मॅडमनी मुलांना तसंच सरकत पाढे म्हणायला लावले. अकरापैकी दहा जणांना सतराचा पाढा आला. मी खूश होऊन 'अत्यंत उपयुक्त' असा शेरा मारला आणि फाइल वर धाडली.

आता साहेबांना म्हटलं, मुलं अकराच आहेत.

"शितावरून भाताची परीक्षा होते," ते म्हणाले. "तुम्ही भंडाऱ्याचे ना?"

भाताच्या भंडाऱ्याचा, म्हणूनच शीत कुठून उचललंय ते पाहायला शाळेत गेलो. हजेरीपट तेव्हा पहिल्यांदा उघडला. पटावर सव्वीस मुलं. प्रयोग ऐन रोवणीत झालेला. पंधरा जण आईबापासोबत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करत होते. वर्गात उरली होती ती दुकानदारांची नि नोकरदारांची.

मॅडमचा चेहरा उतरला. आदेशात त्यांचं नाव होतं. उपाय फसला तर तालुकाभर हसं त्यांचंच होणार होतं, आणि शेरा मारणारा मी नामानिराळा. मला माझीच लाज वाटली.

"सर, आता सारे पोरं आले आहेत," त्या म्हणाल्या. "आत्ताच करून पायतो."

पटांगणात रांगा लागल्या. अकरा जण खिदळत मागे सरकू लागले. पंधरा जण जागचे हलेनात. मॅडमनी कारण विचारलं. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, इतके दिवस मांगंच सरकून आलो आमी. कंबर दुखून राहिली. बसून म्हनलं तं नाही जमत का?"

मॅडमनी सगळ्यांना बसवलं. मग अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं: अकरा मुलं, रोवणीचे दिवस, बाकीची गैरहजर. मी त्यावरच पत्र दिलं. आदेश थांबला.

 तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "मग यातून निष्कर्ष काय काढायचा?"

मी म्हटलं, "ज्यानं रोवणी केली नाही, त्यालाच ती खेळ वाटते."

हा निष्कर्ष एकाच मुलीवरून काढलेला होता. पण तो तालुकाभर लागू करायला माझी हरकत नव्हती.